नर्सबाईंच्या हातची पत्ती

या, जरा पुढे सरून बसा. गळ्यात टाळ असतील तर असू द्या, काढायची घाई नाही. देवाची कथा आपण रोजच ऐकतो. आज एका माणसाची ऐका. मन लावून ऐकली तर तीही त्याच्याच पायाशी जाऊन पोचते, असा माझा भरवसा आहे. ही कथा एका बाईची आहे, दाढीच्या एका पत्तीची आहे, आणि आठच दिवस या जगात राहून गेलेल्या एका पाहुण्याची आहे. शेवटी मी तुमच्याकडे काही मागणार आहे. काय मागणार, ते तेव्हाच सांगेन.

दरेकशाच्या डोंगराखाली हिरडीटोला नावाचं गाव. सन एकोणीसशे पंचावन्नचा कार्तिक महिना होता. धानाची कापणी सुरू झाली होती आणि माणसं उजाडताच बांधावर जात होती. गावाच्या टोकाला सरकारी दवाखाना होता. दोन खोल्या आणि पुढे कौलांची सपरी, म्हणजे ओसरी. डॉक्टर पंधरा दिवसांतून एकदा गोंदियाहून यायचे. बाकी सारे दिवस दवाखाना म्हणजे शामकलाबाई. मागच्या खोलीत त्या राहायच्या आणि पुढच्या खोलीत औषधं द्यायच्या.

त्या सकाळी त्यांनी चूल पेटवली आणि पातेल्यात एक मूठ तांदूळ टाकला. घरात चार माणसं असली की तांदूळ धुतानाही आवाज होतो. एका मुठीचा आवाज होत नाही. चौतीस वर्षांच्या त्या बाईला ही गोष्ट रोज जाणवायची आणि रोज ती पातेल्यावर झाकण ठेवून द्यायची.

चौदाव्या वर्षी लग्न आणि पंधराव्या वर्षी कपाळ पुसलं गेलं. नवऱ्याचा चेहरा नीट आठवावा एवढेही दिवस मिळाले नाहीत. बाप भला निघाला. नागऱ्याच्या महादेवाला बेल वाहून तो घरी आला आणि म्हणाला, "पोरीले शिकवतो. गावाले काय म्हनाचं ते म्हनू दे." नागपूरला सुईणपणाचं शिक्षण झालं, पांढरी साडी आली. ती साडी नर्सची की विधवेची, हे ज्यानं त्यानं आपापल्या मनाप्रमाणे ठरवलं.

हिरडीटोल्याला येऊन त्यांना सहा वर्षं झाली होती. ताप, खरूज, विंचू, मोडलेला हात, सगळ्यासाठी लोक यायचे. "नर्सबाई, नर्सबाई" म्हणत यायचे. पण ज्या कामाचं त्यांनी शिक्षण घेतलं होतं, ते एकच काम गावानं त्यांना करू दिलं नव्हतं. विधवेची सावली बाळंतिणीवर पडू नये. जन्माच्या घरात पांढरं कपाळ नको. हा नियम कोणी कुठे लिहिला होता? कुठेच नाही. म्हणून तर तो कोणाला खोडता येत नव्हता.

बाळंतपणं करायची रुख्मा सुईण. साठीची बाई, हातभर हिरव्या बांगड्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिचा नवरा कवडू दिवसभर खाटेवर बसून खोकायचा. "माहा बुढा खोकते तोवर मले काम हाये," असं ती हसत म्हणायची. तो गेला की तिलाही बाळंतिणीचं दार बंद, हे त्या हसण्यामागचं खरं गावाला ठाऊक होतं. तिच्या हातात कौशल्य होतं, यात शंका नाही. आडवं आलेलं मूल ती पोटावरून नुसता हात फिरवून ओळखायची. पण नाळ कापायची धान कापायच्या विळ्यानं, आणि वर लावायची शेणाची राख. दरवर्षी दोन-चार लेकरं आठवड्याच्या आत जायची. लोक म्हणायचे, सटवीनं नेलं.

मूल जाण्याचं खरं कारण शामकलाबाईंना पक्कं ठाऊक होतं: विळ्यातून, शेणातून नाळेत शिरणारा धनुर्वात. पण ते सांगायला त्यांना दाराच्या आत कोणी घेत नव्हतं.

म्हणूनच त्या उन्हाळ्यात सरकारचा कागद आला तेव्हा त्यांना देव पावल्यासारखं वाटलं. नागपूरला चार महिन्यांचा वर्ग होता. मोठ्या माणसांना शिकवायचं कसं, हे शिकवणारा वर्ग. मला आत जाता येत नाही, तर जिला जाता येतं तिलाच शिकवीन, असा त्यांचा साधा हिशेब होता.

वर्गाला केवळराम नावाचे गुरुजी होते. खादीचा सदरा, पायात टायरच्या चपला. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर काहीच लिहिलं नाही. एका म्हाताऱ्या बाईला घेऊन आले. तिच्या डोक्यावर पळसाच्या पानांचा भारा होता. गुरुजी म्हणाले, "आज या आजी तुम्हाला पत्रावळ लावायला शिकवतील. संध्याकाळी त्याच पत्रावळीवर जेवायचं."

वीस शिकल्यासवरलेल्या बाया पानं घेऊन बसल्या. कोणाची काडी मोडे, कोणाचं पान फाटे. शामकलाबाईंची पत्रावळ तीनदा उसवली. कान गरम झाले. आपल्याला काहीच येत नाही, ही लाज किती वर्षांनी त्यांच्या अंगावर आली होती! म्हातारी हसली नाही. मागून वाकली, आपला खरबरीत हात त्यांच्या हातावर ठेवला आणि तीन टाके त्यांच्याच बोटांनी घालून घेतले. "असं गं माय."

शामकलाबाईंचे डोळे भरून आले. पत्रावळ लागली म्हणून नव्हे. औषधपाण्याखेरीज त्यांच्या हातावर कोणी हात ठेवून एकोणीस वर्षं झाली होती.

चार महिन्यांत त्यांनी बरीच वही भरली. मोठं माणूस रिकाम्या घागरीसारखं येत नाही, ते भरूनच येतं. आधी काय भरलंय ते विचारा. एका बैठकीत एकच गोष्ट शिकवा. सांगून थांबू नका, करून घ्या. पाठाचा कागद कसा आखायचा: हेतू, साहित्य, पायऱ्या, आणि शेवटी प्रश्न. गुरुजींच्या प्रश्नांच्या यादीत शेवटचा प्रश्न असा होता: शिकलेलं घरी गेल्यावर त्याचं काय झालं, ते जाऊन विचारा.

कार्तिकातल्या त्या दिवशी, भात खाऊन झाल्यावर, शामकलाबाईंनी सपरी सारवली आणि आपला पहिला वर्ग भरवला. आसपासच्या टोल्यांवरून, म्हणजे वाड्यांवरून, सात सुईणी आल्या. रुख्मा सगळ्यांच्या पुढे.

"बाई, आमाले आता पाटी-पेन्सिल देता का?" रुख्मानं डोळे मिचकावले.

"नाही. आज तुम्हीच सांगायचं. तुम्ही नाळ कशी कापता?"

एकीनं विळा म्हटलं, एकीनं बांबूची धारदार काडी. शामकलाबाईंनी कोणाला चूक म्हटलं नाही. मग पाणी उकळवलं. दाढीची नवी पत्ती आणि दोरा त्यात टाकला, साबणानं हात धुतले, पत्ती काढली, आणि एका कोवळ्या वेलाच्या तुकड्यावर दोन गाठी मारून मध्ये कापून दाखवलं. नाळेला वर काहीही लावायचं नाही, राख नाही, शेण नाही. मग प्रत्येकीकडून करून घेतलं.

"हे पत्ती माह्या बुढ्याले दिसली तं दाढीच करन थो!" रुख्मा म्हणाली आणि साऱ्याजणी खिदळल्या.

"लपवून ठेव."

"त्याच्यापासून काय लपवाचं जी? त्याले दिसते कोठी!"

सातही जणींनी चुकल्याशिवाय करून दाखवलं. शामकलाबाईंनी प्रत्येकीच्या हातात पत्ती-दोऱ्याची एकेक डबी दिली. वहीत लिहिलं, हेतू साध्य झाला. खाली गुरुजींचा शेवटचा प्रश्न होता. त्याच्यापुढची जागा त्यांनी कोरी ठेवली.

कोरी का ठेवली, ते ऐका. डबी घेताना सातही जणींनी हात पुढे केले खरे, पण तीन जणींनी ती पदरात घेतली. बोटाला बोट लागू दिलं नाही. शामकलाबाईंनी ते पाहिलं. या डबीचं घरी गेल्यावर काय होईल, हा प्रश्न विचारला तर उत्तर आपल्या कपाळापर्यंत येईल, हे त्यांच्या मनाच्या तळाला कळलं होतं. जखम उघडून बघायला नर्स घाबरत नाही. पण आपली स्वतःची जखम उघडायला तीही घाबरते.

महिन्याभरानं टेकचंदभाऊंच्या घरी सुनेला कळा सुरू झाल्या. टेकचंदभाऊ मोठे शेतकरी, शब्दाला गावात मान. बायको सुशिलाबाई, हात सढळ, जीभ तिखट. सून मंदा, अठरा वर्षांची, पहिलटकरीण. मुलगा दुलीचंद अंगणात नुसता येरझारा घालत होता.

शामकलाबाई गेल्या. गावात कुठेही बाळंतपण असलं की त्या जायच्या आणि अंगणात बसून राहायच्या. न जाणो, बोलावतील. सुशिलाबाईंनी स्वतः चटई आणून टाकली.

"नर्सबाई, तुमी इथंच बसा जी. राग नोका मानू. घरात पयलं लेकरू होऊन राहिलं."

"मला कुठे राग येतो?"

"मी काय तुमाले वाईट म्हनतो का? तुमच्या सुईनं माहा ताप उतरला. पन हे तापाचं काम नोहे."

त्यात द्वेष नव्हता. तेच अवघड होतं. द्वेष असता तर भांडता आलं असतं.

दुपार झाली. आत चुलीवर पाणी उकळत होतं. दारातून वाफ दिसली तेव्हा शामकलाबाईंचा जीव सुखावला. रुख्मा शिकवल्याप्रमाणे करत होती! थोड्या वेळानं सुशिलाबाई मूठ मिटून घाईघाईनं बाहेर आल्या, गोठ्यात गेल्या, पुन्हा आत गेल्या. मुठीत काय होतं कोण जाणे. शेकायला गोवरी आणायला गेल्या असतील, असं बाईंना वाटलं. तेवढ्यात आतून रडणं ऐकू आलं, चांगलं खणखणीत. मुलगा झाला. गुळाचा खडा सगळ्यांच्या हातावर पडला. शामकलाबाईंच्या चटईवर पानावर ठेवला गेला.

त्या दिवशी त्यांनी घरी येऊन दोन मुठी भात लावला. दुसरी मूठ कोणासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

सातव्या दिवशी लेकरानं दूध ओढायचं सोडलं. जबडा मिटला. जरा धक्का लागला की अंग काडीसारखं ताठ व्हायचं. शामकलाबाई धावत गेल्या. दारात सुशिलाबाई दोन्ही हात चौकटीला लावून उभ्या होत्या.

"तुमी येऊ नोका."

"सुशिलाबाई, बैलगाडी जोडा. दरेकशाहून आगगाडी पकडू, गोंदियाला नेऊ. वेळ घालवू नका."

"येऊ नोका म्हनतो ना! तुमच्याच हातची पत्ती आली घरात. माहं मन मले खाऊन राहिलं होतं, काऊन घेऊ दिलो म्हनून."

आत मंदाच्या मांडीवर ते इवलंसं धनुष्य पडलं होतं. शामकलाबाईंना दारातून तेवढंच दिसलं. आठव्या दिवशी सकाळी ते गेलं. बाराव्या दिवशी नाव ठेवायचं होतं. नाव राहून गेलं. बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या पाळीवर, मोहाच्या झाडाखाली, त्याला नावाशिवायच मातीत ठेवलं.

गाव बोलू लागलं. पांढऱ्या कपाळाच्या हातची पत्ती. दवाखान्याच्या सपरीवरची माणसं कमी झाली. ताप आला तर लोक तो सोसू लागले. शामकलाबाईंनी बदलीचा अर्ज लिहायला घेतला. 'महोदय' एवढंच लिहून झालं. वहीतली सगळी पानं त्यांनी पुन्हा वाचली. कुठे चुकलं? पाणी उकळलं होतं, वाफ आपण डोळ्यांनी पाहिली. पत्ती नवी होती. मग लेकरू का गेलं? त्यांना स्वतःच्या हातांची भीती वाटू लागली. इतकी, की एका दुपारी ते दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून त्या नुसत्या बघत बसल्या. लोक म्हणतात ते खरं तर नसेल?

बघा मंडळी, रूढी कशी काम करते. ज्याला ती बाहेर उभं करते, त्यालाही शेवटी पटवून देते की तुझी जागा तीच.

पण देवाला बाईची काळजी होती. गावात सप्ताह बसला होता आणि काल्याच्या सकाळी जागेश्वरबुवांचं कीर्तन होतं. कीर्तन ही एकच जागा अशी, की जिथून शामकलाबाईंना कोणी उठवत नसे. मारुतीच्या देवळातल्या शेवटच्या खांबापाशी त्या बसायच्या. बुवांनी पूर्वरंग संपवला, आणि मग अचानक वीणा खाली ठेवली.

"परवा मी तुम्हाला कान्ह्याच्या शिदोरीची कथा सांगितली. आज मी गप्प. ती कथा आता या मायनं मला सांगावी." त्यांनी पुढे बसलेल्या एका म्हातारीकडे बोट केलं.

म्हातारी लाजली, मग सांगू लागली. तिच्या कथेत गोकुळ राहिलंच नाही. कान्हा धानाच्या बांधावर आला, दह्याच्या जागी आंबील आली, आणि यशोदा रोवणीला गेली होती म्हणून उशीर झाला. देऊळभर हसू पिकलं. बुवाही हसले.

"पाहा, माझी कथा हिच्या घरी गेली. घरी जाऊन तिनं हिचे कपडे घातले. आता ती माझी राहिली का? सांगणाऱ्यानं कथा सांगून उठून जाऊ नये. ती घरी जाऊन काय झाली, ते परत येऊन ऐकावं."

सगळे टाळ्या वाजवत होते. खांबाशी बसलेल्या बाईच्या अंगावर मात्र काटा उभा राहिला. वहीतली ती कोरी जागा! काल्याचा प्रसाद हातात तसाच धरून त्या उठल्या आणि थेट रुख्माच्या झोपडीत गेल्या.

रुख्मा लाह्या निवडत होती. कवडू खाटेवर खोकत होता.

"रुख्मामाय, एक विचारायला आले. मी दिलेली पत्ती घरी नेल्यावर तू काय केलंस? खरं सांग. मी रागावणार नाही."

रुख्माचा हात थांबला.

"तुमी सांगतलं तसंच केलो, बाई. पानी उकळवलो, हात धुतलो, पत्ती काढलो."

"आणि मग?"

"मंग सुशिलाबाई म्हनली, पत्ती नर्सबाईच्या हातची हाये. शुद्ध कराव लागन." रुख्माचा आवाज बारीक झाला. "मुठीत घेऊन गेली गोठ्यात. ताज्या शेनातून काढली, हयद लावली, सवाशिनीच्या पदरानं पुसली. मंग मले देल्ली."

"आणि तू त्याच पत्तीनं नाळ कापलीस."

"मले वाटलं, उकळवनं बी झालं, शुद्ध करनं बी झालं. तुमचं बी ठेवलो, आमचं बी ठेवलो." ती रडू लागली. "साऱ्याजनी तसंच करतेत, बाई. सातही जनी. तुमाले कोन सांगन? तुमच्या तोंडावर कसं म्हनाव?"

शामकलाबाई मातीवर बसल्या. उत्तर मिळालं होतं. त्यांचा हात स्वच्छ होता, आणि तो अशुभ ठरला म्हणूनच पत्ती घाणीत गेली. लेकरू त्यांच्या हातानं मेलं नव्हतं, त्या हाताच्या भीतीनं मेलं होतं. सुटका वाटावी तर दुःख वाढलं. हा प्रश्न त्यांनी तेव्हाच, सपरीवर विचारला असता तर?

मग शामकलाबाई म्हणाल्या, "आजपासून डब्या तू वाटायच्या. गोंदियाच्या बाजारातून तूच आणल्या असं सांगायचं. माझं नाव घ्यायचं नाही. माझा हात लागलेला कळला नाही, तर कोणी शुद्ध करायला जाणार नाही."

"बाई, हे काऊन? तुमी शिकवलं अना नाव माहं?"

"नावाला काय करायचंय, रुख्मामाय? लेकरं जगू दे."

बदलीचा अर्ज त्यांनी चुलीत घातला. वर्ग आता रुख्माच्या अंगणात भरू लागला. रुख्मा शिकवायची, शामकलाबाई कुडापलीकडे बसून ऐकायच्या. रुख्मा कुठे चुकली तर खोकायच्या.

"आज माह्या बुढ्याले बी जोडीदार भेटला खोकाले," रुख्मा मोठ्यानं म्हणायची आणि चूक सुधारायची.

एक वर्ष गेलं, दुसरं लागलं. जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, दवाखान्यावरची पाटी बदलली. त्या काळात सात टोल्यांत झालेली लेकरं जगली. एक गेलं, ते मुळात अपुऱ्या दिवसांचं होतं. गाव म्हणू लागलं, रुख्माच्या हाताला यश आलं. नर्सबाईंची सावली दूर ठेवली म्हणून लेकरं जगून राहिली, असंही म्हणू लागलं. शामकलाबाई हे ऐकायच्या आणि एका मुठीच्या भातावर झाकण ठेवायच्या. आपण जे शिकवलं ते साऱ्या गावात नांदतंय आणि आपण मात्र कुठेच नाही, असं एकटेपण कसं असतं, ते त्यांनाच ठाऊक.

पण रुख्माच्या पोटात ते राहिना. मंदा पुन्हा गरोदर राहिली. तिचं अंग चोळून देताना एक दिवस रुख्मानं तिला सारं सांगून टाकलं.

फाल्गुनातली दुपार. मंदाच्या कळा वाढल्या. शामकलाबाई नेहमीसारख्या येऊन अंगणात बसल्या. या वेळी चटईही कोणी टाकली नाही. आत एकाएकी गलका झाला. मंदाचा आवाज आला, "नाही! पयले नर्सबाईले आत बोलवा. तवाच मी कोनाचा हात लागू देईन."

"मंदे, बये, डोस्कं फिरलं का तुहं?" सुशिलाबाई ओरडल्या. "तुले लेकरू पायजे का नाही?"

"पायजे म्हनूनच सांगून राहिलो ना!"

"थे विधवा हाये!"

"असू दे. माहं पयलं लेकरू गेलं तं तुमी म्हनल्या त्यायच्यामुळे. नऊ महिने पोटात ठेवलो मी त्याले. मले तरी खरं सांगाचं होतं!"

"कोनतं खरं?"

तेव्हा रुख्मा उंबऱ्यावर आली. हात कोपरापर्यंत धुतलेले, पाणी ठिबकत होतं. अंगणात टेकचंदभाऊ, दुलीचंद, चार शेजारी. तिनं कोणाकडे पाहिलं नाही.

"मी सांगतो खरं. मालक, तुमचं नातवंड बाईच्या पत्तीनं नाही मेलं. पत्तीले शेन लागलं म्हनून मेलं. शेन सुशिलाबाईनं लावलं अना कापलं माह्या या हातानं. दोन वर्सं झाली, ज्या पत्तीनं मी लेकरं जगवून राहिलो, थ्या साऱ्या बाईच्याच हातच्या हायेत. मी खोटं बोललो. माह्या हातचं यश म्हनता तुमी, थे यश या बाईचं हाये."

दुलीचंद अंगणाच्या मध्यापर्यंत आला. शामकलाबाईंसमोर उभा राहिला.

"बाई, आत चला," तो म्हणाला. "पानी उकळून राहिलं."

दारात सुशिलाबाई होत्या. दोन वर्षांपूर्वी चौकटीला लावले होते तसेच हात त्यांनी वर नेले. मग आतून मंदा कण्हली. ते हात हळूहळू खाली आले. त्या बाजूला झाल्या नाहीत, तिथेच खाली बसल्या. शामकलाबाईंना त्यांच्या बाजूनं अंग चोरून आत जावं लागलं. जाताना त्यांच्या साडीचा काठ सुशिलाबाईंच्या खांद्याला लागला. सुशिलाबाईंनी तो झटकला नाही.

मुलगी झाली. नाळ शामकलाबाईंनीच कापली. उकळत्या पाण्यातून काढलेल्या पत्तीनं, मध्ये कुठेही न थांबता. रुख्मा शेजारी हात जोडून बसली होती. आठवा दिवस आला आणि गेला. लेकरू दूध ओढत होतं, हातपाय झाडत होतं.

बाराव्या दिवशी बारसं झालं. शामकलाबाईंना आमंत्रण आलं नाही. पाळण्याला सवाशिणीच लागतात. एवढं एका दिवसात कुठे बदलतं? दवाखान्याच्या सपरीवर बसून त्यांना पाळण्याची गाणी ऐकू येत होती. त्यांनी भात लावला. एक मूठ.

दुपारी रुख्मा आली. पदराखाली पळसाच्या पानांचे दोन द्रोण होते, दोन्हींत बारशाच्या घुगऱ्या.

"मंदानं धाडल्या का?"

"नाही जी. सुशिलाबाईनं. स्वता भरल्या." रुख्मानं द्रोण पदराबाहेर काढले. "म्हनली, एक नर्सबाईचा. अना दुसरा थ्या पयल्याचा. त्याचं बारसं झालं नाही ना. त्याचा द्रोन कोनाले देवाव समजलं नाही, म्हनून तुमच्याकडे धाडला."

शामकलाबाईंनी दोन्ही हात पुढे केले. रुख्मानं द्रोण त्या हातांवर ठेवले, बोटाला बोट लावून. पहिल्याचा द्रोण घेऊन त्या बोडीच्या पाळीवर मोहाच्या झाडाखाली गेल्या आणि बराच वेळ बसल्या. घरी येऊन वही उघडली. गुरुजींचा शेवटचा प्रश्न त्यांनी पाठाच्या कागदावर सगळ्यात वर, पहिल्या ओळीत लिहिला. पुढच्या मंगळवारी वर्ग पुन्हा दवाखान्याच्या सपरीवर भरला. सातांपैकी पाचच जणी आल्या. शामकलाबाईंनी शिकवायला त्या पहिल्या ओळीतल्या प्रश्नापासूनच सुरुवात केली.

मंडळी, माझं मागणं एवढंच. तुमच्या घरी कधी पाळणा सजेल, घुगऱ्या शिजतील, लेकराच्या कानात नाव सांगितलं जाईल. तेव्हा मोहाच्या झाडाखालच्या त्या बिननावाच्या लेकराला क्षणभर आठवा. आणि त्याला आठवलंत, तर त्याच क्षणी एकदा दाराबाहेर बघा. आपल्या अंगणात बाजूला कोण बसलेलं आहे, ते बघा. पांडुरंग, पांडुरंग.